हं

रोल मशीनवरून उतरला की काठीनं वाजवायचा,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
वीतवीत अंतरानं.
बर्चची काठी. टाउनोनं दिली मला, सत्त्याऐंशी साली.
त्याला कुणी दिली ते सांगितलं नाही,
एवढंच म्हणाला: कानानं नको ऐकूस, इर्मेली,
कोपरानं ऐक.

घट्ट कागद टणक बोलतो.
सैल कागद पोटातून बोलतो.
ओला कागद बोलतच नाही,
नुसता ऐकून घेतो, माझ्या नवऱ्यासारखा.

मग ओत्सो आला. सत्तावीस वर्षांचा,
हेलसिंकीचे पातळ बूट घालून, ऐन जानेवारीत.
चार नंबरच्या मशीनला त्यानं
शर्टाला गुंड्या लावाव्यात तसे सेन्सर लावले,
आणि म्हणाला, आम्ही हिचं जुळं बनवतोय,
पडद्यात राहणारं.
त्याला तेल लागत नाही, वाफ लागत नाही,
उद्या काय बिघडणार ते आज सांगतं.
मी विचारलं, टाउनोची दोन बोटं
या थोरलीनं खाल्ली होती,
धाकटीला सांगितलंस का?
ओत्सोनं तेही टिपून घेतलं.

तीन आठवडे माझ्या मनगटावर माइक.
मी वाजवायचं, बोलायचं:
चांगला. चांगला. सैल. चांगला.
नऊ हजार ठोके.
इतकं तर मी लग्नानंतर बोलले नसेन.
त्याच्याकडे दोनच रकाने होते,
हिरवा आणि लाल,
आणि मी मध्येच कुठेतरी थांबून म्हणायचे,
हं.
हं म्हणजे काय?
हं म्हणजे हं.
चांगला की वाईट?
चांगला असता तर चांगला म्हटलं असतं ना, पोरा.
तो रात्रभर खोलीत बसला. कॉफीचे सात कप.
सकाळी तिसरा रकाना होता, पिवळा,
वर माझाच शब्द.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते.
पाळीला आम्ही सात होतो, दोन उरलो.
खुर्च्या कुणी नेल्या नाहीत.
कंट्रोल रूम दोनशे किलोमीटर दूर, शहरात,
तिथून एक मुलगी गोड आवाजात विचारते,
इर्मेली, जरा बघतेस का?
आणि मी बघते. बघण्याचाच पगार आता.
काठी लॉकरमध्ये.

मार्चमधली एक रात्र. तीन वाजून गेलेले.
पडद्यावर अख्खी ओळ हिरवी,
आणि एका रोलवर पिवळं: हं.
अंगावर काटा आला.
अंधारातून कुणी आपल्याच आवाजात हाक मारावी तसा.
काठी काढली. खाली गेले. वाजवलं.
कोपर म्हणालं, हं.
अर्धा रोल उलगडला आम्ही.
सुरकुती नाही, चीर नाही, ओल नाही,
काही म्हणजे काही सापडलं नाही.
तरी तो रोल मीही पाठवला नसता.

ओत्सोला कळवलं नाही.
कळवायचं काय? बरोबर निघालं म्हणून,
की चूक निघालं म्हणून?

निवृत्तीच्या दिवशी केक होता, मॅनेजरचं भाषण होतं.
काठी मागितली त्यांनी,
दाराशी काचेच्या कपाटात ठेवायला,
खाली पितळी पट्टी.
मी म्हटलं, घरी विसरले.
ती माझ्या ओव्हरकोटात होती,
मूठ बाहेर डोकावत होती. सगळ्यांना दिसत होती.

आता एप्रिल.
तळ्यापलीकडे टाउनोची बायको एकटी राहते,
रस्त्यानं गेलं तर नऊ किलोमीटर, बर्फावरून एक.
मी निघते, पुढ्यात ठोकत,
वीतवीत अंतरानं.
टणक. टणक.
टणक.
तळ्याच्या मध्यावर काठी
वेगळंच काही बोलते.
मागे माझ्या पावलांची ओळ, पुढे तिच्या धुराड्याचा धूर,
आणि मी उभी,
कोपरानं ऐकत.