भरलं पातेलं

सत्तावन्नाव्या वर्षी मी लाल, दोन सीटांची गाडी घेतली,
रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी.
गावात बोलबाला झाला: शाळेतल्या एलुनेदचं डोकं फिरलं.

इदवालने आधी टायर पाहिले.
खाचेत नाणं उभं केलं. नाणं बुडेना.
"पाणी जाणार कुठून, बाई?"
चारही नवे घातले. स्पेनची सहल त्यातच गेली.

मग म्हणाला, किल्ली उद्या. आज घाट पायी चढ.
चार पावसाळे जास्त पाहिलेत,
असं वेल्समध्ये कुणी कुणाला सांगत नाही.
पाऊस इथे येत नाही, असतो.
मी चढले. बुटाच्या तळव्याला कळलं
पांढऱ्या पट्ट्यांचं गुळगुळीतपण,
गुरं अडवायची लोखंडी जाळी,
आणि वळणाच्या आतल्या कडेला
कुजलेल्या बीचच्या पानांचा लगदा.

तो शेजारी बसला, गुडघे हनुवटीपाशी घेऊन.
"शाळेत सूपचं भरलं पातेलं न्यायचीस ना?
ओल्या फरशीवरून?"
तीस वर्षं.
"मग एकदम वळायचीस? धावायचीस? गच्चकन थांबायचीस?"
नाही.
"संपली शिकवणी," म्हणाला, आणि डोळे मिटले.

मी वळणाआधीच वेग उतरवला,
वळणात फक्त वळले,
पलीकडचा रस्ता सरळ दिसेपर्यंत
उजवा पाय मुंगीच्या पावलानं.
मागची चाकं ढकलतात ही गाडी,
चिडली तर मागूनच चिडते.

मग बेरविनच्या माथ्यावर, खोलगट जागी,
स्टिअरिंग अचानक हलकं झालं,
चांगली बातमी आल्यासारखं.
गाडी पाण्यावर होती. रस्ता खाली कुठेतरी.
पाय ब्रेककडे धावला. मी त्याला परत बोलावलं.
अॅक्सिलरेटर हळूच सोडला, हात सरळ धरले,
आणि काहीही केलं नाही.

इतकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

दोन सेकंदांनी हातांत पुन्हा वजन आलं.
इदवालचे डोळे मिटलेलेच, मुठी मात्र पांढऱ्या.
"सांडलं का?" त्याने विचारलं.
थोडंसं, मी म्हटलं.

पुढे रस्त्यात तीन मेंढ्या बसल्या होत्या.
लांबूनच वेग उतरवत मी थांबले.
वायपर फिरत राहिले. त्या उठेनात.
आम्हालाही कुठे जायचं नव्हतं.