फिका निळा

नव्या नकाशात आमच्या गल्लीचा रंग फिका निळा आहे.
निळा म्हणजे काय, मी विचारलं.
टायवाला मुलगा म्हणाला, "शक्यता."

मी लामारा. वय एकाहत्तर.
तिबिलिसीत सव्वीस वर्षं ट्राम चालवली.
ट्राम बंद पडल्या, रूळ भंगारात गेले,
माझा उजवा पाय मात्र
अजून झोपेत ब्रेक शोधतो.
तेव्हा वेगाचं मला कुणी शिकवू नये.

नव्याला माझी हरकत नाही, हे आधी लिहून घ्या.
आमची लिफ्ट नाणं गिळल्याशिवाय हलत नाही.
सुटे नसले की मी आणि बटाटे
एकमेकांना धीर देत
आठव्या मजल्यापर्यंत चढतो.
नवी लिफ्ट द्या, मी टाळ्या वाजवीन.

पण शेजारी खड्डा खणला, तेव्हापासून
स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा आहे.
इंजिनिअरनं त्यावर प्लास्टरची पट्टी थापली, तारीख घातली,
म्हणाला, फुटली तर कळवा.
फुटली. कळवलं.
त्यानं दुसरी थापली.
आता चार तारखा झाल्यात,
वाढत्या मुलाची उंची मोजावी तशा
एकावर एक.

त्यांच्या चित्रातला रस्ता मी चष्मा पुसून पाहिला.
एक कारंजं, सायकलवर एक बाई,
माणसं सगळी काचेसारखी, आरपार दिसणारी.
मोटार एकही नाही.
"मोटारी कुठं गेल्या?"
"मॅडम, हे संध्याकाळचं दृश्य आहे."

संध्याकाळी!
संध्याकाळीच तर जेमाल भट्टीतून पाव घेऊन
पलीकडे त्सियालाला द्यायला निघाला होता.
खुबा मोडला.
पाव रस्त्यावर पसरले होते, हाताला चटका बसेल इतके गरम.
मोटार गेली ती गेलीच.
पोलीस म्हणाला, बोगदा आहे ना?
बोगद्यातून जायचं.

बोगदा आहे.
अडतीस पायऱ्या खाली, अडतीस वर,
तीन दिव्यांतला एक जिवंत, तोही मी बदललेला.
मुली किल्ल्या मुठीत धरून उतरतात
आणि वर येईपर्यंत कुणाशी बोलत नाहीत.
जेमाल आता काठीवर चालतो.
त्याला सांगा अडतीस.

मग एका रात्री आम्ही रस्ता रंगवला.
झाडांच्या बुंध्यांना लावायचा चुना उरला होता.
ओतारीनं दोरी धरली, साबानं टॉर्च,
मी पट्टे ओढले, नऊ,
शेवटचा जरा वाकडा, तेव्हा कुत्रं आडवं आलं.
इतकी वर्षं त्यांनी आम्हाला चुना लावला,
एक रात्र आम्ही रस्त्याला.

खरं सांगते, गाड्या थांबायला लागल्या.
सगळ्या नाही. पण एक टॅक्सीवाला थांबून
हातानं "या, या" म्हणाला,
जशी मी त्याच्या घरीच चालले होते.
अकरा दिवस.

बाराव्या दिवशी नगरपालिकेचा टँकर आला.
विनापरवाना पट्टे, कागदावर तसं लिहिलेलं.
दोन पोरं उतरली, पाण्याचा पाइप, दोन खराटे.
घासायला जागा हवी म्हणून
त्यांनी टँकर आडवा लावला,
रस्ता भरून.

गाड्या तुंबल्या. हॉर्न, शिव्या, सगळं.
आणि आम्ही ओलांडायला लागलो.
आधी त्सियाला, रिकाम्या हातांनी,
मग शाळेतली पोरं, मग कुत्रं.
जेमाल काठी टेकत पलीकडे गेला,
तिथं थोडा थांबला, परत आला,
पुन्हा गेला.
त्याचं तिकडे काही काम नव्हतं.

खराटेवाला पोरगा घासता घासता थांबला,
म्हणाला, "आजी, अजून किती वेळ लावू?"

मी म्हटलं, नीट घास बाळा.
तो शेवटचा वाकडा आहे, त्याला वेळ लागेल.