मौजे आर्डव्हॅनख

शेवटचा ख घशातून काढायचा,
खाकरल्यासारखा, असं पिल्ले सांगतो.
त्याला तरी कोणी सांगितलं?
कामठीच्या गोऱ्या कबरस्तानाचा तिसऱ्या पिढीचा राखणदार,
पणजोबा मद्रासी पलटणीतून आलेले,
तो काही त्या गावी गेलेला नाही.
मीही नाही. भूमी अभिलेखातला मोजणीदार मी,
एकतीस वर्षं नोकरी, समुद्र पाहिला एकदाच, पुरीला.

दगड मात्र इथलाच, कन्हानकाठचा वालुकाश्म,
बोट फिरवलं की पीठ निघतं.
तोफखान्यातला नालबंद. वय चोवीस. पटकी. अठराशे साठ.
आणि खाली, नावाहून खोल कोरलेलं, गाव.

त्याच्या भावाची खापरपणती कॅनडातून लिहिते,
दगडाचा फोटो हवा.
पिल्लेच्या मोबाइलला तडा, म्हणून मी काढला.
पैसे नको म्हटलं. गावाचा नकाशा असला तर पाठवा.

दोन आले.
मैलाला सहा इंच. भिंग धरून वाचत गेलो:
उत्तरेला डोंगर, समोच्च रेषा दाट, म्हणजे चढ उभा.
ओढा एक, पूर्वेला वाहणारा, तळ्याला मिळतो.
घरं चौदा. पाण्यावरची गिरणी. मेंढवाडा. चुन्याची भट्टी.
प्रार्थनेला तीन मैल चालत असतील.
ही सन त्र्याहत्तरची प्रत.

सव्वीस वर्षांनी फेरमोजणी.
त्यांची रीत अशी, की छप्पर असलेलं घर भरीव काढायचं,
छप्पर गेलेलं असलं तर नुसती बाहेरची रेघ.
दुसऱ्या नकाशात चौदा पोकळ चौकोन.
ओढा तिथंच. डोंगर एका फुटानं उंच भरला.
आणि गावावरून तिरप्या अक्षरांत: हरणांचं रान.
मालकाला शिकारीचे पाहुणे हवे होते, बाई लिहिते.
तीही तिथं कधी गेली नाही.

कोण असेल तो, साखळी घेऊन
रिकामी घरं बाहेरून मोजत हिंडणारा?
त्याला चहा कोणी विचारला असेल?

मला बोरझरीत मिळाला होता, दुधाचा, दोनदा.
धावपट्टी वाढवायची होती, एकशे बारा हेक्टर,
आणि बोरझरी माझी सासुरवाडी.
ऑफिसात म्हटलं, दुसऱ्याला पाठवा. दुसरा नव्हता.
मेहुणा झेंडी धरून दुपारभर उन्हात.
संत्र्याच्या बुंध्यांवर मी खडूनं आकडे घातले,
मोहाच्या झाडावरसुद्धा, ज्याखाली माझ्या लग्नात वाजंत्री बसले होते.

गटाची सीमा आली विहिरीच्या काठावर.
काठावर म्हणजे अगदी काठावर,
वीतभर इकडे की तिकडे, कलम माझ्या हातात.
जावयानं सासऱ्याकडे ओढली असं कोणी म्हणू नये
म्हणून विहीर मी ढोबळ्यांच्या गटात टाकली.
मोबदला ढोबळ्यांना गेला.
सासऱ्यांनी सही करताना कागद वाचलासुद्धा नाही.
"तुम्ही मोजलं म्हणजे बराबरच असन नं."

त्याला आता एकोणीस वर्षं झाली.
कौतिका या विषयावर कधी बोलली नाही.
विमान गेलं की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात,
तेवढंच म्हणते.

काल रात्री दोन्ही नकाशे टेबलावर पसरलेले,
ती चष्मा लावून आली.
"हे गाव कोणाचं?"
नालबंदाचं, म्हटलं.
"बाया पाणी कुठून भरे?"
ओढ्यावर बोट ठेवलं.
"अन् विहीर?"
विहिरीची खूण बारीक वर्तुळाची. शोधली.
सापडली गिरणीच्या मागं,
दोन वाड्यांच्या मधल्या रेघेवर,
अर्धी या अंगाला, अर्धी त्या.

भिंगावर वाकून ती बराच वेळ पाहत राहिली.
"यायनं तं मधातच ठेवली," म्हणाली,
आणि भिंग माझ्या हातात देऊन
गॅस बंद करायला गेली.