सलग

कुताइसीत, बाजारामागच्या जिन्याखाली
माझं दुकान: दीड टेबल, एक दिवा,
आणि साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी.
तिला बोटभर पडदा, कडेला एक चाक.
चाक फिरवलं की नावं सरकतात,
एकावर थांबून दाबलं
की डबी समोरच्या यंत्राला सांगते,
मी चकती आहे.

गोल नाही, चकाकी नाही,
पोटात काही गरगरत नाही.
खोटं बोल पण रेटून बोल,
आणि ही इतकं रेटून बोलते
की वीस वर्षांची थकली यंत्रंसुद्धा
उठून बसतात, विचारतात,
बरं, पुढे काय करू?

नुग्झारनं दिली मला ती.
म्हणाला, एतेरी, हिची एकच अट.
फाइल सलग हवी.
एक तुकडा इथे, एक तिथे, असं असलं
तर संगणक हुडकतो, जुळवून घेतो.
ही जुळवत नाही. नाही म्हणते आणि गप्प बसते.
मग सगळं उचलायचं, जागा मोकळी करायची,
पुन्हा एका लांबीत मांडायचं.

सुखुमीचं घर, बर्फातली खिंड,
शाळेच्या वर्गात चादरीचा आडपडदा लावून
काढलेली अकरा वर्षं,
मग इथे, मामेभावाच्या माडीवर.
मला घाल त्या डबीत, म्हणाला,
बघ काय लिहून येतं पडद्यावर.
आणि एवढा हसला की ठसका लागला.

चकत्यांच्या प्रती डबीत उतरल्या
तशा चकत्या त्यानं द्राक्षांच्या मांडवाला टांगल्या,
दोऱ्यानं, वीतवीत अंतरावर, पाखरं हाकायला.
एकशे साठ तरी असतील.

गुरुवारी दाताच्या डॉक्टर नातेलाचा फोन.
क्ष-किरणांच्या यंत्राचा संगणक चकती मागतोय,
ट्रे तर तीन वर्षांपूर्वीच अडकलाय.
चाक फिरवलं. वर, खाली, पुन्हा वर.
नाव नव्हतं.
नुग्झारला विचारलं तर ओरडून म्हणाला
(कान गेल्यापासून तो सगळंच ओरडून सांगतो),
ती होय! राहिलीच उतरवायची!
तिसरा खांब, विहिरीकडून!

रात्री शिडी लावली. दातात विजेरी.
चकती सापडली, पक्ष्यांनी आपलं मत
तिच्यावर नोंदवून ठेवलेलं.
छापील होती म्हणून बरं,
घरी लिहिलेली असती तर दोन उन्हाळ्यांत कोरी झाली असती.
भांड्यांच्या साबणानं धुतली,
आतून बाहेर पुसली, गोल कधीच पुसायची नाही,
आणि दुकानातल्या शेवटच्या ड्राइव्हमध्ये घातली.

साठ टक्के. ऐंशी.
ब्याण्णवला अडकली.
ड्राइव्ह घसा खाकरत राहिला
दोन वाजेपर्यंत.
ओरखडा होता, द्राक्षाच्या काडीनं काढलेला,
वाऱ्यात रोज थोडा थोडा.

मी काय केलं सांगते.
जे वाचता आलं नाही तिथे शून्यं भरली.
शून्यांच्या खाली काय होतं ते मला माहीत नाही.
जर्मनमधली मदतीची पानं असावीत,
असं मी स्वतःला सांगितलं.
मग सगळं एका लांबीत मांडलं
आणि डबीत घातलं.

डबीनं हरकत घेतली नाही.
सकाळी यंत्रानंही घेतली नाही.
नऊ वाजून दहा मिनिटांनी
कुणा बस ड्रायव्हरची अक्कलदाढ
पडद्यावर पांढरी, आडवी उगवली.
नातेला म्हणाली, अगदी पहिल्यासारखं.
मी पैसे मोजले, शून्यांचं बोलले नाही.

दुपारी नुग्झारचा फोन.
चाललं का, हे विचारलंच नाही त्यानं.
तिसऱ्या खांबाजवळचे दोन घड
सकाळीच फस्त झालेत, ओरडला,
चकती परत आणून टांग!