हात काढलास?

थंड इंजिन सुरू केलं की पहिली दोन मिनिटं
पिकअपच्या पोटात कुणीतरी
डब्यातले खिळे हलवायचं.
मग तेल वर चढायचं
आणि ते कुणीतरी गप्प बसायचं.
बाबा म्हणायचे, चालतंय तोवर चालू दे.
घरातल्या अबोल्याबद्दलही त्यांचं हेच धोरण होतं.

चार वर्षं. मेंढ्यांच्या एका सौद्यावरून.
ओरेगनच्या त्या कोपऱ्यात शेजारी म्हणजे
सात मैलांवरचा एक दिवा,
आणि तिथं दोन सख्खे भाऊ
एकाच कुंपणाच्या खांबाला तार ठोकायचे,
वेगवेगळ्या वारी.

मार्चमध्ये रेडिएटरमधलं पाणी आटायला लागलं,
तेल दुधाळ कॉफीसारखं दिसू लागलं.
प्लॅस्टिकची गाईड तुटली होती. सैल पडलेली चेन
पुढचं ॲल्युमिनियमचं झाकण आतून घासत घासत
पाण्याच्या वाटेपर्यंत पोचली होती.
हे इंजिन याआधी उघडलेला माणूस
अख्ख्या परगण्यात एकच. बेन्यात काका.

तो आला. मला म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, पंखा काढ."
बाबा दोन हातांवर उभे.
मी सांगितलं.
"तुझ्या काकाला सांग, काढलाय."
मी बारा वर्षांची, हातात बॅटरी,
दिवसभर इकडचा निरोप तिकडे
आणि तिकडचा पाना इकडे.

क्रँकच्या पुलीचा बोल्ट मात्र कुणाचंच ऐकेना.
पाइप लावून झाला, लोंबकळून झालं,
दोघांनी आपापल्या शिव्या आपापल्या दिशेला दिल्या.
उरली ती जुनी, वाईट युक्ती:
लांब दांडा बोल्टवर बसवायचा, चासीला टेकवायचा,
आणि आत बसलेल्यानं किल्ली
टिचकीएवढी फिरवून सोडायची.
स्टार्टर स्वतःच बोल्ट उपटतो.
किंवा बाहेरच्याची बोटं.

बाबा आत बसले. काका खाली वाकला.
सेजब्रशमधून वारा असा सुटला होता
की माझा आवाज बॉनेटपर्यंतही जाईना.
मी दोनदा ओरडले.
मग बाबांनी काच खाली केली, मान बाहेर काढली,
आणि मला मध्ये न घेता विचारलं,
"हात काढलास?"

"काढला."

एक ठोका. बोल्ट सुटला.

संध्याकाळी ऑइल पॅन उतरवला.
गाईडचे तुकडे लोकरीच्या रिकाम्या पोत्यावर
फुटलेल्या बशीसारखे जुळवत बसलो.
एक कमी. अंगठ्याच्या नखाएवढा.
"आत राहिला तर तेलाच्या जाळीत जाऊन बसेल,"
काका म्हणाला. बाबांना म्हणाला.
प्लॅस्टिक, म्हणजे लोहचुंबकाचाही उपयोग नाही.
रात्री अकरापर्यंत दोघं पाठीवर पडून
तारेचा आकडा फिरवत राहिले,
डोक्याला डोकं लागेल इतके जवळ.

तुकडा माझ्या कोटाच्या खिशात होता.

सकाळी नवी चेन. पहिला पिस्टन वर,
खुणेसमोर खूण, चमकत्या कड्या आपापल्या दातांवर.
"खालचं चाक दोनदा फिरतं तेव्हा वरचं एकदा,"
काका मला शिकवत होता,
"म्हणून खालचं काही रुसत नाही."
"खालच्याला विचारलंस का?" बाबा म्हणाले.
धाकटे तेच.
कुणी हसलं नाही.
काकानं बराच वेळ, गरज नसताना,
एकच बोल्ट पुसला.

इंजिन लागलं. खडखड नाही.
स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणाला, मूठ कानाला,
काका ऐकत राहिला.
"आणि तो तुकडा?" बाबांनी विचारलं.
"गेला असेल कधीच, जुन्या तेलाबरोबर,"
तो म्हणाला, माझ्या खिशाकडे
जरा जास्तच न बघता.

पुढच्या आठवड्यात कुंपणापाशी दोघं पुन्हा भांडले.
समोरासमोर. मोठ्यानं.
मी घरातून ऐकत होते.