पाण्याची पाळी

शनिवारी नऊ ते अकरा, एवढंच पाणी आमचं.
बाकी आठवडा नदी गळ टाकणाऱ्यांची.
कागदावर तसं लिहिलंय,
आणि कागद मिस्टर प्रॉसरच्या कपाटात.

आधी त्यांच्या कुरणाचं फाटक. किल्ली
दुधाच्या रिकाम्या बाटलीत असते,
असली तर.
मग धरणाचं दार. ते उघडतो वरच्या ऑफिसातला
कुणी एक, ज्याला आम्ही कधी पाहिलेलं नाही.
त्यानंतर आमची दारं :
तारेवरून लोंबणाऱ्या हिरव्या-लाल काठ्या.
सातव्या दाराची एक पुरात गेली,
तिथे लुनेदच्या आजीने दिलेला
पडद्याचा दांडा, रंगवून.

वेल्सभर पाऊस, म्हणतात लोक.
इथे दहा वाजून गेले तरी दगड कोरडे.
लुनेद, वय अकरा, काठावरच होडीत बसलेली,
वल्ह्याने गवत झोडपतेय.
"इद्रिस, विसरले का रे ते आपल्याला?"
मी फोन लावतो. नुसती घंटा.

मग वरच्या वळणापलीकडे काहीतरी कुजबुजतं
आणि दगडांचे पाय भिजू लागतात.
लुनेद उत्तराला थांबत नाही.

सातव्या दारात दांड्याला तिचा खांदा लागतो.
दोन सेकंदांचा दंड. मी मांडत नाही.
पन्नास मिनिटं उरलीत,
तीही खाली चाललीत.