पेशीच्या आत

पारोळ्यात मे महिना. कूलर घरघरतोय.
आणि तिकडे मी उभी:
उंच, गुडघे न दुखणारी,
घराएवढ्या पेशीच्या आत.
"हे केंद्रक," म्हणते,
तर बोट त्याच्या आरपार जातं.

समोर चौदा जण. एक कोल्हा, काही रोबो,
मागे एक नुसताच ढग.
जांभई कुणाचीच दिसत नाही,
आणि मी तर सव्वीस वर्षं
जांभया बघूनच शिकवत आले.
न राहवून विचारलं,
तोंडातून घरचंच निघालं:
"समजनं का?"

कोल्हा तसाच. रोबो तसेच.
ढग मात्र सरकत पुढे आला,
"बाई, तुमनं गाव कोनतं?"

तेवढ्यात कूलर थांबला. लाईट गेली.

तिथे अजून
माझा हात वरच असेल,
खडूशिवाय.